सुट्या भागांचा डबा, नऊ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीच्या सुमारास भाच्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स शिकायचा एक डबा मागवला. १,४०० रुपये पडले. आत ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची छिद्रांची पाटी), रेझिस्टरची पाकिटं, एलईडी, कपॅसिटर, डायोड, ट्रान्झिस्टर, ५५५ या टायमर चिपचे दोन आयसी, एलडीआर (उजेडाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर), बझर, व्होल्ट-ओहम मोजायचा पिवळा मल्टिमीटर, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न आणि एक पुस्तिका. भाचा नववीत आहे, इथेच इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. डबा त्याच्यासाठी होता, पण दुसऱ्या आठवड्यापासून मीही शेजारी बसायला लागले. आता शनिवारची संध्याकाळ या कामाचीच असते.

घेताना लोकांचे अभिप्राय वाचले होते. बहुतेकांनी डबा उघडल्या दिवशीच लिहिलेले, "भाग भरपूर आहेत, पॅकिंग छान आहे" असे. नऊ महिन्यांनी काय टिकलं, काय बिघडलं आणि खरोखर काय कळलं, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी लिहिते आहे. मत आधीच सांगते: डबा घ्यावा असा आहे, पण त्यातल्या पुस्तिकेच्या भरवशावर घेऊ नये. आम्हाला जे शिकवलं ते मल्टिमीटरने.

पहिल्याच संध्याकाळी भाच्याने निळा एलईडी थेट ९ व्होल्टच्या बॅटरीला लावला. तो एकदा लख्ख उजळला आणि संपला. पुस्तिकेत "सोबत रेझिस्टर लावावा" एवढंच वाक्य होतं, का लावायचा ते नाही. एलईडी साध्या बल्बसारखा वागत नाही. लाल एलईडीला साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात, निळ्या-पांढऱ्याला ३ च्या आसपास. तेवढे मिळेपर्यंत तो जवळजवळ काहीच धारा (करंट) जाऊ देत नाही आणि त्यापुढे व्होल्ट जरासे वाढले तरी धारा भराभर चढते. उरलेले व्होल्ट कुणीतरी अंगावर घ्यायला हवेत. ते काम रेझिस्टरचं.

हे वाचून मला पटलं नव्हतं. पटलं ते मोजल्यावर. लाल एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर एकापुढे एक जोडले. बॅटरीवर ९.२ व्होल्ट, एलईडीवर १.९, रेझिस्टरवर ७.३. बेरीज बरोबर ९.२. मग ७.३ ला ४७० ने भागलं, साडेपंधरा मिलिअँपिअर आले. मीटर सर्किटच्या वाटेत ओवून पाहिलं तर आकडा १५.४. मी ३१ वर्षं बँकेत काढली. ताळा जुळल्यावर जे वाटतं ते मला ठाऊक आहे आणि त्या संध्याकाळी अगदी तेच वाटलं. ओहमने आपला नियम १८२७ साली मांडला आणि किर्खॉफने व्होल्टच्या बेरजेचा नियम १८४५ साली. मला ते दोन्ही एका जमाखर्चाच्या पानासारखे दिसले: बॅटरीने दिलेलं सगळं वाटेत कुठे ना कुठे खर्ची पडलेलं असतं.

तेव्हापासून एक वही केली. डाव्या रकान्यात हिशेबाने येणारा आकडा, उजव्यात मोजलेला. दोन्ही जुळले नाहीत तर पुढच्या सर्किटला हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे.

रेझिस्टरबद्दल एक गोष्ट नव्या माणसाने नीट लक्षात ठेवावी. डब्यातले रेझिस्टर निळ्या अंगाचे, पाच पट्ट्यांचे आणि १ टक्का अचूकतेचे आहेत, पण पुस्तिकेतला रंगांचा तक्ता चार पट्ट्यांचा आहे. पाच पट्ट्यांमध्ये कुठून वाचायला सुरुवात करायची हेच पटकन कळत नाही. २२० ओहमच्या पट्ट्या लाल, लाल, काळी, काळी, तपकिरी. तोच रेझिस्टर उलटा धरला तर तपकिरी, काळी, काळी, लाल, लाल, म्हणजे वाचताना सरळ १० के, म्हणजे १०,००० ओहम! पंचेचाळीसपट चूक. आमचा एक एलईडी नुसता मिणमिणत होता तो अशाच गोंधळामुळे, फक्त उलट्या बाजूने. ट्यूबलाइटखाली तपकिरी आणि लाल सारखेच दिसतात. आता प्रत्येक रेझिस्टर आधी मीटरवर जातो आणि मग बोर्डावर.

ब्रेडबोर्ड ८३० छिद्रांचा आहे. मधल्या भागात पाच-पाच छिद्रं आतून जोडलेली आणि कडेच्या लांब पट्ट्या बॅटरीच्या अधिक-उण्यासाठी. या कडेच्या पट्ट्या बऱ्याच बोर्डांवर मधोमध तुटलेल्या असतात. आमच्याही आहेत. छापलेली लाल रेषा तिथे जरा खंडित दिसते, तीच खूण. पुस्तिकेत याचा उल्लेखच नाही. आमचे दोन शनिवार त्यात गेले, कारण डावीकडची सर्किटं चालायची आणि उजवीकडे तीच बंद. शेवटी मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो) लावून छिद्रामागून छिद्र तपासत गेलो, तेव्हा मध्यावर आवाज थांबला. दोन छोट्या वायरींनी तो सांधा जोडला आणि प्रश्न संपला. अलीकडे काही छिद्रं सैल झाली आहेत. ती नेमकी १ एन ४००७ डायोड खोचलेली. त्या डायोडचे पाय रेझिस्टरच्या पायांपेक्षा जाड असतात आणि आतली पत्र्याची पकड त्यांनी फाकते. असे भाग बोर्डाच्या एकाच कोपऱ्यात लावावेत.

मीटरची मी एवढी बाजू घेते आहे, तर त्याचेही दोष सांगितले पाहिजेत. एकदा ताळाच जुळेना. नव्या ९ व्होल्टच्या बॅटरीवर ११.३ दाखवायला लागला. भाचा म्हणाला, "मावशी, बॅटरीच जास्त भरलीय." तसं होत नसतं. मीटरच्या पोटातली स्वतःची बॅटरी उतरली की हे स्वस्त मीटर आकडा फुगवून सांगतात. बॅटरी बदलली आणि गाडी रुळावर आली. दुसऱ्या वेळी मीटर धारा मोजण्यावर राहिला आणि त्याच्या काड्या सरळ चार सेलच्या पॅकला टेकल्या. आतला फ्यूज गेला. धारा मोजताना मीटर स्वतः जवळजवळ वायरच झालेला असतो, म्हणून तो वाटेत ओवायचा, बॅटरीला कधीही थेट लावायचा नाही. सोबत जादा फ्यूज नव्हता, तो महाराणी रोडवरून आणला.

हे महाराणी रोडचं सुख इंदूरकरांना आहे. सुटे भाग तिथे मोजून मिळतात. दुकानदाराने आधी "दीदी, सौ का पैकेट ले जाओ" म्हटलं, पण पोरगा शिकतोय म्हटल्यावर दहा-दहा नग दिले. तिथेच सोल्डर पण घेतलं, ज्याला तो रांगा म्हणतो. डब्यातलं सोल्डर मातकट जमायचं. ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असलेलं, आत राळ भरलेलं घेतल्यावर डाख चकचकीत बसायला लागला. पाय आणि तांब्याची चकती दोन्ही आधी तापवायची आणि मग तार टेकवायची. शिशामुळे काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याला हात नाही, हा नियम भाच्याने आता स्वतःच लावून घेतला आहे.

९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीविषयी: एलईडीपुरती ठीक. तिच्यात छोटे छोटे सहा सेल असतात, मोटर किंवा बराच वेळ वाजणारा बझर तिला झेपत नाही. आम्ही पेन्सिल सेलचा चाराचा होल्डर घेतला, ६ व्होल्ट मिळतात आणि टिकतात.

कपॅसिटरने भाच्याला सगळ्यात जास्त आनंद दिला. १० के चा रेझिस्टर आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला की गुणाकार १० सेकंद येतो. तेवढ्या वेळात कपॅसिटर बॅटरीच्या ६३ टक्क्यांपर्यंत भरतो, म्हणजे ९ पैकी ५.७ व्होल्ट. मी घड्याळ धरलं आणि तो मीटर वाचत होता. ५.७ यायला पावणेबारा सेकंद लागले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चूक आमची नव्हती. या जातीचे कपॅसिटर छापलेल्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असतात. छापील आकडा आणि खरा आकडा वेगळे असू शकतात, हे पोराला चौदाव्या वर्षी स्वतःच्या हाताने कळलं याचं मला फार मोल वाटतं.

५५५ चं सर्किट लगेच चाललं. १० के, ६८ के आणि १० मायक्रोफॅरड असले की एलईडी सेकंदाला साधारण एकदा लुकलुकतो. हान्स कॅमेनझिंड यांनी १९७१ मध्ये ही चिप रचली आणि ती आजही काही रुपयांत मिळते. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (रोषणाईचे चित्ररथ) पाहत वाढलेल्या पोराला लुकलुकणाऱ्या दिव्यांचं वेड असायचंच. यंदाच्या गणपतीची आरास त्याने आताच कागदावर काढून ठेवली आहे.

एका पानाबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. पुस्तिकेच्या शेवटी रिले (विजेने चालणारं बटण) लावून घरातला दिवा चालू-बंद करायचं चित्र आहे, २३० व्होल्टसकट. मुलांच्या डब्यात हे पान छापायलाच नको होतं. ब्रेडबोर्ड त्यासाठी नसतो. मी ते पान काढून टाकलं आणि भाच्याला कारण समजावून सांगितलं.

आता ट्रान्झिस्टर, कारण डब्याचा खरा कस तिथे लागला.

नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं. ते हौदात पडतं, तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत. नर्मदाकाठच्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटर दूरवरून, माळव्याच्या पठारावर चढवून आणलेलं पाणी टाकीवरून वाहून जाताना पाहवत नाही. म्हणून टाकी भरली की वाजणारा बझर करायचं ठरलं. दोन तारा टाकीच्या काठाशी सोडायच्या. पाणी टेकलं की त्यातून बारीकशी धारा बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये, म्हणजे मधल्या पायात, जाईल आणि ट्रान्झिस्टर बझर चालू करेल. भाच्याला मी असं सांगितलं: छोट्या सहीने मोठी रक्कम मोकळी होते, पण पैसे सहीतून येत नाहीत, खात्यातून येतात. बेसची धारा म्हणजे सही आणि बॅटरी म्हणजे खातं.

जोडलं, तर आवाजच नाही. पुस्तिकेत पायांचा क्रम उलटा छापला आहे. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे असतात. मीटरवर ट्रान्झिस्टर तपासायची जी गोल खाच असते तिच्यात घालून पाहिलं. बरोबर लावल्यावर धारेची वाढ २९० पट, पुस्तिकेप्रमाणे लावल्यावर ५ पट. उलटा लावलेला ट्रान्झिस्टर मरत नाही, नुसता निकामी वागतो, म्हणूनच चूक सापडायला वेळ लागतो.

सरळ लावल्यावर बझर वाजला, पण कण्हल्यासारखा. मग वही काढली. दोन तारांमधलं पाणी मीटरवर ५० के च्या आसपास दाखवत होतं, आकडा सारखा सरकत होता. त्यात बेसचा १० के धरला. ६ व्होल्टमधून ट्रान्झिस्टरचे ०.७ वजा केले, ६० के ने भागले, तर बेसला ०.०९ मिलिअँपिअर देखील पुरते मिळत नव्हते. २९० ने गुणूनही पंचवीसच, आणि बझरला ३० लागतात. मग दोन ट्रान्झिस्टर एकामागे एक लावले, पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला, त्याला डार्लिंग्टन जोडी म्हणतात. वाढींचा गुणाकार होतो. बझर असा कडाडला की खालून आई विचारायला आली.

दोन महिन्यांनी तो परत मंदावला. बॅटरीच्या अधिक टोकाकडची तांब्याची तार हिरवीकाळी होऊन झिजली होती, दुसरी तशीच स्वच्छ. पाण्यातून एकाच दिशेने धारा गेली की अधिक बाजूचं तांबं विरघळत जातं. तारांच्या जागी स्टीलचे दोन स्क्रू लावले.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि एका रात्री दोन वाजता टाकी निम्मी असताना बझर वाजला. दोन स्क्रूंमधलं प्लॅस्टिक ओलसर होतं. एवढ्या ओलीतून मायक्रोअँपिअरच्या घरातली धारा जाते, पण हजारोपट वाढवणाऱ्या जोडीला तेवढी पुरते. भाच्याने दोन दिवस विचार करून तोडगा काढला: बेस आणि उण्या टोकामध्ये १०० के चा रेझिस्टर. जोडी चालू व्हायला बेसवर १.३ व्होल्ट तरी लागतात. तेवढे होण्याआधी पहिले १३ मायक्रोअँपिअर हा रेझिस्टर परस्पर वळवून नेतो. ओलीची धारा त्यातच जिरते, टाकीच्या पाण्याची मात्र सत्तरच्या वर असल्याने पुढे जाते. हिशेब त्याने वहीत डावीकडे लिहिला, मग गच्चीवर छत्री धरून आम्ही उजवा रकाना भरला.

त्याला आता पाच आठवडे झाले. पाऊस रोजचा आहे आणि बझर टाकी भरल्यावरच वाजतो.