अपग्रेडनंतर ब्राइटनेसची बटणं ढिम्म: ग्रबमध्ये दुरुस्ती, जुना कर्नल की सरळ जुगाड?

फोंड्यात पावसात लाइट गेली की लॅपटॉपची बॅटरी पुरवून वापरावी लागते, आणि माझी स्क्रीन नेमकी तेव्हाच फुल्ल ब्राइटनेसवर अडकलेली. लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) 5.15 वरून 6.8 वर गेला, वायफाय साउंड सगळं ठीक, फक्त एफएन धरून सूर्याचं बटण दाबलं की कोपऱ्यातली पट्टी वरखाली होते आणि स्क्रीन आहे तश्शीच. म्हापशाला मावसभावाचा लॅपटॉप त्याच आठवड्यात अपग्रेड केला तर त्याच्याकडे पट्टीसुद्धा येत नाही. ऐकायला दोन्ही तक्रारी सारख्याच, पण औषध वेगळं, आणि हे मला दोन रात्री घालवल्यावर कळलं.

म्हणून उपाय निवडायच्या आधी दहा मिनिटं हे करा. टर्मिनलमध्ये सुडो लावून (म्हणजे अॅडमिनच्या हक्काने) इव्हटेस्ट चालवा, हा दाबलेल्या बटणाचा कोड दाखवणारा प्रोग्राम; तो डिव्हाइसांची यादी दाखवतो, त्यात कीबोर्ड आणि 'व्हिडिओ बस' असं काहीतरी दिसेल, एकेक निवडून बटण दाबा. कमी करायच्या बटणाला 224 आणि वाढवायच्या बटणाला 225 आलं तर बटण शाबूत आहे, घोळ पुढे आहे. काहीच आलं नाही तर बटणाचा निरोपच पोचत नाहीये. मग सिस-क्लास-बॅकलाइट फोल्डरात बघा, स्क्रीनमागच्या दिव्याचा (बॅकलाइटचा) ताबा कोणाकडे आहे ते तिथे दिसतं. माझ्याकडे तिथे एसीपीआय_व्हिडिओ0 (लॅपटॉपच्या फर्मवेअरमार्फत चालणारा) एकटाच बसला होता, मॅक्स 15, आकडा बदलला की फाइलीत बदलायचा पण स्क्रीनला त्याचं काही नाही. पूर्वी याच्या शेजारी इंटेल_बॅकलाइट (ग्राफिक्स ड्रायव्हरचा स्वतःचा, म्हणजे 'नेटिव्ह') पण असायचा. 6.1 कर्नलपासून (डिसेंबर 2022) एका स्क्रीनला एकच बॅकलाइट डिव्हाइस ठेवायचा असं ठरलं, ते बरोबरच आहे, पण एखाद्या मशीनवर निवड चुकली की आपण अडकलो.

तुमचं माझ्यासारखं असेल, म्हणजे पट्टी हलते पण उजेड हलत नाही, तर ग्रबमधला (बूट होताना कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्राममधला) पॅरामीटर, म्हणजे कर्नलला द्यायची सूचना, हाच खरा उपाय. चांगली गोष्ट म्हणजे कायमचा बदल न करता ट्राय करता येतं: बूट होताना ग्रब मेन्यूत ई दाबायचं, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह (अर्थात इंग्रजीत, स्मॉल लेटरमध्ये) टाकायचं आणि एफ10. चाललं नाही तर पुढच्या बूटला नेटिव्हच्या जागी व्हिडिओ, आणि मशीन फारच जुनं असेल तर व्हेंडर. माझं नेटिव्हवर पहिल्याच फटक्यात चाललं, तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि आई आतून विचारतेय अजून झोपला नाहीस का रे. मग ईटीसी-डिफॉल्ट-ग्रब फाइलीत क्वाएट स्प्लॅशच्या शेजारी तेच लिहून अपडेट-ग्रब मारायचं, हे उबुंटू डेबियनवर. फेडोरावाल्यांनी त्यासाठी ग्रबी ही कमांड वापरा.

जुन्या कर्नलवर बूट करणं सगळ्यात सोपं आहे हे मान्य. ग्रबच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये तो बहुतेक वेळा पडून असतो, निवडला की बटणं चालू. उद्या ऑफिसचं काम द्यायचंय आणि डोळे दुखतायत तर बिनधास्त करा. पण त्या कर्नलला सिक्युरिटी अपडेट येणं बहुतेकदा थांबलेलं असतं आणि एखाद्या दिवशी ऑटोरिमूव्ह (नको असलेली जुनी पॅकेजं काढणारी कमांड) चालवलंत की तो साफ. आठवडाभर ठीक, त्यापुढे नको.

तिसरा ब्राइटनेससीटीएल. छोटा प्रोग्राम आहे, सेट 10%- दिलं की उजेड दहा टक्क्यांनी उतरतो, आणि ती कमांड डेस्कटॉपच्या कीबोर्ड शॉर्टकटमध्ये हव्या त्या बटणावर बांधता येते. कधी परमिशनसाठी स्वतःला व्हिडिओ ग्रुपमध्ये घालावं लागतं. ज्याची बटणं इव्हटेस्टमध्ये दिसतच नाहीत त्याच्यासाठी हा छान आहे. पण डिव्हाइसच चुकीचा असेल तर हापण त्याच चुकीच्या फाइलीत आकडे लिहीत बसणार, म्हणजे माझ्या केसमध्ये शून्य उपयोग. आणि मिनिमम व्हॅल्यूचा ऑप्शन नक्की द्या, भावाने पहिल्याच दिवशी खाली खाली करत शून्यावर नेला, स्क्रीन काळीकुट्ट, मोबाइलचा टॉर्च मारून कर्सर शोधत होता.

एक्सरँडर या डिस्प्ले सेटिंगच्या कमांडने ब्राइटनेस 0.6 करा असं कोणीतरी सांगेलच. करू नका. त्याने फक्त रंग काळपट होतात, मागचा दिवा पूर्ण जळतच राहतो, बॅटरीचा एक मिनिट वाचत नाही, आणि वेलँडवर (लिनक्सची नवी डिस्प्ले व्यवस्था) तर चालतच नाही.

माझा लॅपटॉप नेटिव्हवर आहे आणि परत हात लावलेला नाही. भावाची बटणं अजून मुकीच आहेत, त्याने एफ5 आणि एफ6 वर ब्राइटनेससीटीएल बांधलाय. त्याच्या मशीनवर एसीपीआय_ओएसआयवाला पॅरामीटर (कोणती ऑपरेटिंग सिस्टम चालतेय ते फर्मवेअरला सांगणारा) टाकून बघायचाय, कधीकधी त्याने कंपनीची हॉटकी जागी होते, पण त्यासाठी शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो की लॅपटॉप तासभर माझ्या हातात द्यावा लागेल आणि तो म्हणतो आता चालतंय ना, राहू दे.