सेजमॅथ, आठ महिन्यांनी: एका प्रश्नापायी पुन्हा मॅक्सिमाकडे

सेजला, म्हणजे सेजमॅथ या मोफत गणिती सॉफ्टवेअरला, एक्सचा एनवा घात इंटिग्रेट करायला सांगा. बारावीचं गणित. सेज उत्तराऐवजी व्हॅल्यू-एरर फेकतं: मॅक्सिमाला (सेजच्या आत इंटिग्रेशन करणारं जुनं सॉफ्टवेअर) आणखी अटी हव्यात, 'अझ्यूम' करून (म्हणजे अट आधीच सांगून) बघा. तळाशी खरा प्रश्न: एन उणे एक आहे का?

प्रश्न रास्तच आहे, उणे एकला उत्तर लॉग येतं. पण नुसत्या मॅक्सिमात 'नो' आणि अर्धविराम टाइप केला की काम झालं. (अर्धविराम विसरलात तर ते ढिम्म बसून राहतं.) सेजने मॅक्सिमा पोटात घेतलं आणि त्याचं तोंड बांधून टाकलं.

मग एन शून्याहून मोठा असं 'अझ्यूम' करा. काम झालं की 'फर्गेट' कराच, नाहीतर ती अट सेशनभर मुक्काम ठोकते. वर्कशीटमध्ये वीस सेल खाली एन ऋण धरायला जाल तर 'गृहीतक विसंगत' म्हणून वेगळीच एरर. सिम्पाय ही पायथनची गणिती लायब्ररी मात्र न विचारता दोन्ही शक्यता एकाच उत्तरात देतं.

चौथ्या महिन्यापर्यंत माझं मत होतं, सेजने हे म्हातारं मॅक्सिमा फेकून द्यावं. आता उलट वाटतं. मॅक्सिमाचं मूळ एमआयटीतलं 1968 चं मॅकसिमा (Macsyma, उच्चार जवळपास तोच, सॉफ्टवेअर वेगळं). विल्यम शेल्टर यांनी 1982 पासून त्याची एक प्रत सांभाळली, 1998 मध्ये ती जीपीएल या मुक्त परवान्याखाली द्यायची परवानगी मिळवली. 2001 मध्ये ते गेले, तरी प्रकल्प चालूच राहिला. विकाऊ मॅकसिमा (Macsyma) मात्र संपलं. सेज 2005 चं, मॅग्मा-मेपल-मॅथेमॅटिका-मॅटलॅब या विकतच्या सॉफ्टवेअरना टक्कर द्यायला निघालेलं. आत राबतात ते संख्याशास्त्राचं (नंबर थिअरी) पारी (बोर्दो, 1985) आणि ग्रुप थिअरीचं गॅप (आखेन, 1986). जानेवारी 2020 मध्ये सेज 9.0 पायथन 3 वर गेलं आणि कंसाविना 'प्रिंट' लिहिलेल्या जुन्या वर्कशीट मोडल्या.

तरी नंबर थिअरीत एलिप्टिक कर्व्हचा रँक काढायचा तर सेजच, त्यात वाद नाही. सोर्समधून बिल्ड करायच्या फंदात पडू नका, तासन्‌तास जातात. कोंडा-फोर्ज या तयार पॅकेजांच्या भांडारातून घ्या, तेही वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, कोंडाच्या मूळ 'बेस'मध्ये नको. विंडोजचा स्वतंत्र इन्स्टॉलर 9.3 ला थांबला, आता डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय.

इंटिग्रेशनला डब्ल्यूएक्समॅक्सिमा, म्हणजे मॅक्सिमाचंच खिडकी-मेन्यूवालं रूप. शिफ्ट-एंटर दाबलं की अर्धविरामही तेच टाकतं. फक्त कमांड लाइनवर मॅक्सिमाला फाइल पाइपने (इनपुट म्हणून) देताना अटी आधीच लिहून ठेवा: मध्येच प्रश्न आला तर मॅक्सिमा फाइलमधली पुढची ओळच उत्तर समजून गिळतं.