आर्गपार्स आणि एआय एजंट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

अप्पा बळवंत चौकाजवळच्या आमच्या छोट्या कार्यालयात प्रकाशकांच्या जुन्या फॉन्टमधील फायली युनिकोडमध्ये बदलण्याचे काम चालते, आणि त्यासाठी मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) गेले आठ महिने एक एआय एजंट, म्हणजे संगणकाला स्वतः आज्ञा देणारा एआय, चालवतो आहे. कमांड लाइनवरचे, म्हणजे स्क्रिप्ट चालवण्याच्या आज्ञेसोबत लिहिलेले, पर्याय वाचण्याचे काम आर्गपार्सकडे आहे. ते पायथॉनसोबत फुकट येते, हेच ते निवडण्याचे खरे कारण. चार महिने मी त्याचे कौतुकच करत होतो. पाचव्या महिन्यात मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंचा फोन आला, "अहो, परवा मी सरळ केलेल्या वेलांट्या आज पुन्हा चुकीच्या जागी कशा?"

जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. ही अदलाबदल जोडाक्षरांपाशी फसली की बाई हाताने दुरुस्त करतात. एजंटने त्यांच्या तपासून झालेल्या ४२ फायलींवर नवे रूपांतर लिहून टाकले होते. लॉगमध्ये, म्हणजे स्क्रिप्टच्या नोंदींत, ती आज्ञा सापडली. स्क्रिप्टने आधी "फाइल अस्तित्वात आहे" म्हणून नकार दिला होता, आणि लगेच पुढच्या ओळीत एजंटने `--फोर्स` लावले होते. माझ्या स्क्रिप्टमध्ये या नावाचा पर्यायच नाही! आहे तो `--फोर्स-ओव्हरराइट`. परंतु लांब पर्यायाचे नाव अर्धवट लिहिले आणि तशी सुरुवात असलेला पर्याय एकच असला, तर आर्गपार्स तोच गृहीत धरते. टंकनाचे श्रम वाचवणाऱ्या माणसासाठी ही सोय ठीक आहे. अंदाजाने पर्याय लावणाऱ्या एजंटसाठी तिचा अर्थ असा होतो की चुकीचा अंदाजही बरोबर ठरतो आणि कोणाला काही कळत नाही.

एजंटच बंद करावा, असे मी दोन दिवस घोकत होतो. मग एजंट वाचतो ते, स्क्रिप्टचे मी स्वतःच लिहिलेले दस्तऐवज उघडले आणि मत बदलावे लागले. त्यात अडीच पाने फॉन्टचा इतिहास होता, तर `--फोर्स-ओव्हरराइट`पुढे फक्त "फाइलवर पुन्हा लिहा" एवढेच. हाताने केलेल्या दुरुस्त्या पुसल्या जातील, हे कुठेच नव्हते. एजंटने वाचलेल्या टोकनांवर (मजकुराच्या छोट्या तुकड्यांवर) आम्ही पैसे मोजतो, म्हणजे तो इतिहास एजंटला वाचायला लावण्यासाठी मी दर वेळी पैसे देत होतो. तो सगळा काढला. आता पहिल्या ओळीत जशीच्या तशी चालणारी आज्ञा आहे, त्याखाली मूळ फाइल बदलणारे पर्याय वेगळे काढले आहेत, आणि बाहेर पडण्याचे संकेतांक दिले आहेत : ० म्हणजे काम झाले, १ म्हणजे फाइलमध्ये दोष, २ म्हणजे आज्ञाच चुकली. हा शेवटचा संकेतांक आर्गपार्स स्वतःच देते. याच खटपटीत मदतीच्या मजकुरात "१०% पेक्षा" असे लिहिले, तर `--हेल्प` मागताच स्क्रिप्ट कोसळली, कारण तिथे टक्क्याचे चिन्ह दोनदा लिहावे लागते.

अर्धवट नावे नाकारण्यासाठी आर्गपार्समध्ये `अलाउ_अ‍ॅब्रेव्ह` खोटे (फॉल्स) ठेवायचे असते. ही सोय पायथॉन ३.५ पासून आहे. मी ती लावली, आणि आमचे `-व्हीव्ही`, म्हणजे एकत्र लिहिलेले दोन `-व्ही`, चालेनासे झाले. ३.८ च्या आधीच्या आवृत्त्यांत हे बंद केले की एकत्र लिहिलेले छोटे पर्यायही बंद पडत, आणि आमच्या जुन्या संगणकावर, "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" या माझ्याच धोरणामुळे, ३.६ होते. अद्ययावत करण्यात अख्खा रविवार गेला. त्यानंतरही स्क्रिप्टच्या एका उपआज्ञेत (मुख्य आज्ञेखालच्या वेगळ्या कामाच्या आज्ञेत) `--फोर्स` बिनदिक्कत चाललेच. मुख्य पार्सरची (पर्याय वाचणाऱ्या भागाची) ही सूचना उपआज्ञांच्या पार्सरकडे जात नाही, ती प्रत्येकाला वेगळी द्यावी लागते.

आता चुकीचा पर्याय लावल्यास एजंटला २ मिळतो, तो `--हेल्प` वाचतो आणि पुन्हा लिहिण्यापूर्वी आम्हाला विचारतो. आर्गपार्स बदलण्याचा विचार नाही. बाई मात्र तपासलेल्या फायलींची प्रत रोज स्वतःच्या पेनड्राइव्हवर घरी नेतात, आणि त्या पेनड्राइव्हचे पैसे त्यांनी माझ्याकडून घेतले आहेत.