घरी येऊन रेंट ॲग्रीमेंट करून देणारी सर्व्हिस (मुलुंड पूर्व): 5 पैकी साडेतीन, पण ड्राफ्ट वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका

मागच्या महिन्यात आम्ही भांडुपवरून मुलुंड ईस्टला शिफ्ट झालो, वनबीएचके, भाडं 34 हजार, डिपॉझिट दीड लाख. ब्रोकरने जाता जाता एका ॲग्रीमेंटवाल्याचा नंबर दिला, म्हणाला ताई रजिस्ट्रार ऑफिसला चकरा मारायची गरजच नाही, माणूस घरी येतो, अंगठा घेतो, फोटो काढतो, दोन-चार दिवसात पीडीएफ मेलवर. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण स्टेशनपासून नवघर रोडपर्यंत असे कितीतरी लोक आहेत आणि मैत्रिणींशी बोलल्यावर कळलं की सगळ्यांचं काम उन्नीस-बीस असंच चालतं. त्यामुळे हा रिव्ह्यू ह्या एका माणसाचा कमी आणि अशा सर्व्हिसचा जास्त समजा.

आधी चांगलं सांगते. माणूस वेळेवर आला. रविवारी सकाळी साडेदहा म्हणाला होता, दहा पस्तीसला बेल वाजली, मुंबईत ह्याला वेळेवरच म्हणतात. पाठीवर सॅक, त्यात लॅपटॉप, वेबकॅम आणि तो छोटा लाल लाइटवाला थंब स्कॅनर. आमच्या मालकीणबाई काकू दोन बिल्डिंग सोडून राहतात, त्या आल्या, साक्षीदार म्हणून समोरचे शेजारी आणि माझा दीर. सगळ्यांची आधारकार्डं तयार होती. माझा आणि नवऱ्याचा अंगठा एका झटक्यात उठला. काकूंचा काही केल्या उठेना. सत्तरीच्या पुढच्या बाई, आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसल्यात, मशीन दर वेळी टूं करून नाही म्हणतंय आणि काकू ओशाळून हसतायत. पण पोराने जराही कटकट केली नाही, ओल्या टिश्यूने बोट पुसलं, मग कोरडं केलं, मग सॅकमधून व्हॅसलीनची डबी काढली (म्हणजे हे त्याचं रोजचंच), पाच मिनिटं गप्पा मारल्या, परत ट्राय केलं, शेवटी उजव्या हाताच्या मधल्या बोटावर मशीन मानलं. हे सगळं रजिस्ट्रार ऑफिसच्या रांगेत झालं असतं तर काकू अर्ध्यात उठून घरी गेल्या असत्या. ह्याचे पूर्ण मार्क.

आता पैसे. 4,800 घेतले, त्यात 500 पोलीस व्हेरिफिकेशनचे. हिशोब मागितला तर म्हणाला, ताई पॅकेज आहे. पॅकेज वगैरे काही नसतं. लीव्ह अँड लायसन्सची (आपण रेंट ॲग्रीमेंट म्हणतो त्याचं कागदावरचं नाव, ठरलेल्या मुदतीपुरती घर वापरायची परवानगी) स्टॅम्प ड्युटी म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून येणारी रक्कम, ह्या बेरजेच्या 0.25 टक्के. आमचं 11 महिन्यांचं भाडं 3 लाख 74 हजार, डिपॉझिटचे म्हणून साधारण 14 हजार, त्याचा पाव टक्का म्हणजे हजाराच्या आत-बाहेर. वर रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत 1,000. किरकोळ धरून सरकारचे दोन-सव्वादोन हजार, उरलेले त्याचे. घरी येतो, व्हॅसलीन लावतो, तर त्याने पैसे घ्यावेत, माझं काही म्हणणं नाही, पण चलन, म्हणजे सरकारकडे पैसे भरल्याची पावती, मागून घ्या, त्यावर खरा आकडा असतो. पोलीस व्हेरिफिकेशनचे 500 मात्र देऊ नका. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची जबाबदारी मालकाची असते आणि फॉर्म मुंबई पोलिसांच्या वेबसाइटवर घरबसल्या भरता येतो. काकूंच्या नातवाने दहा मिनिटात भरला असता, आम्हाला नंतर सुचलं.

मार्क कापले ते ड्राफ्टमुळे. शनिवारी रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकली, खाली मेसेज, "स्टँडर्ड ड्राफ्ट आहे मॅडम, ओके करा". नवरा म्हणाला सगळीकडे सारखंच असतं, झोप. मला झोप येईना कारण भांडुपच्या घराचा अनुभव ताजा होता, तो सांगते म्हणजे पुढचं कळेल.

भांडुपला आमचं ॲग्रीमेंट नुसतं स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं होतं, रजिस्टर नाही. मालक म्हणाले होते काय करायचंय उगाच खर्च, आपण घरचेच. घर सोडताना ह्याच घरच्या माणसाने 75 हजारांच्या डिपॉझिटमधून 28 हजार पेंटिंगचे म्हणून कापले. अडीच वर्षं राहिल्यावर भिंत मळणारच ना, आम्ही काय भिंतीवर चुली मांडल्या होत्या? ऑफिसमधल्या एका वकिलीण मैत्रिणीने तेव्हा सांगितलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 वाच. ॲग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर केलेलंच हवं, ते करायची जबाबदारी मालकाची, आणि केलं नाही तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं ह्याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मी भांडले नाही, फक्त एक सभ्य मेसेज टाकला, काका, कलम 55 प्रमाणे पेंटिंगची अट आपल्यात ठरलेली नव्हती असं आमचं म्हणणं आहे, वगैरे. दोन दिवस ब्लू टिक आणि शांतता. तिसऱ्या दिवशी 18 हजार जमा झाले. दहा गेले ते गेलेच, शिफ्टिंगच्या गडबडीत पुढे खेचायचं त्राण नव्हतं.

तर रात्री बाराला बसून मी पंधरा पानं वाचली. चौथ्या पानावर डिपॉझिट 1,05,000 लिहिलेलं. दीड लाखाचे एक लाख पाच! एक शून्य इकडचं तिकडे आणि आमचे 45 हजार गायब. ही टायपिंगची चूक होती हे मलाही कळतंय, पण लायसन्सच्या केसमध्ये लेखी करारात जे लिहिलंय तोच निर्णायक पुरावा धरला जातो, हे त्याच कायद्याच्या कलम 24 मध्ये आहे. म्हणजे उद्या वाद झाला तर कागद म्हणेल तेच खरं. सातव्या पानावर आमच्या आधीच्या कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या बायकोचं नाव तसंच राहिलेलं. म्हणजे जुनी फाइल उघडायची, नावं बदलायची, पाठवून द्यायची, हा ह्यांचा स्टँडर्ड ड्राफ्ट. आमचीही नावं आता कोणाच्या तरी सातव्या पानावर फिरत असतील.

अटी तर काय वर्णाव्या. डिपॉझिट घर सोडल्यावर 60 दिवसात मिळणार. पेंटिंगचं एक महिन्याचं भाडं कापणार. लॉक-इन (म्हणजे मध्येच घर सोडता येत नाही तो काळ) पूर्ण 11 महिने पण फक्त आम्हाला, मालक मात्र 15 दिवसांच्या नोटिशीवर काढू शकणार. मालक कधीही घरात येऊन पाहणी करू शकणार. सोसायटीचे "सर्व चार्जेस" आमच्याकडे. गंमत म्हणजे रविवारी सकाळी हे काकूंना वाचून दाखवलं तर त्यांनाच धक्का बसला, "अगं मी कुठे असं सांगितलं होतं, मला तर हे माहीतच नाही." हे पटकन लक्षात घ्या. निम्म्या वेळा ह्या जाचक अटी मालकाच्या नसतातच, ड्राफ्ट टाइप करणाऱ्याच्या असतात. त्यामुळे मालकाशी भांडायच्या मूडमध्ये जाऊ नका, चहा ठेवा आणि सोबत बसून वाचा.

आम्ही जे बदललं ते असं: चावी हातात दिली की त्याच दिवशी डिपॉझिट, बाकी लाइटबिल वजा करून. पेंटिंगचं वाक्य उडवलं आणि त्याजागी "नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून" एवढं घातलं. लॉक-इन सहा महिने, नंतर दोघांनाही एक महिन्याची नोटीस. घरात यायचं तर आदल्या दिवशी फोन. मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मालकाकडे. हा शेवटचा प्रकार बऱ्याच जणांना माहीत नसतो. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी सभासदाकडून जो जादा आकार घेते तो, आणि तोही सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही, 2001 पासून सरकारचा आदेश आहे. सेक्रेटरी काका काहीही आकडा सांगतात आणि लोक भरतात.

दीड लाख नेमके कोणत्या तारखेला कोणत्या ट्रान्सफरने दिले तेही नंबरसकट लिहून घेतलं. पहिल्यांदा ब्रोकर म्हणत होता पन्नास कॅश द्या, ॲग्रीमेंटमध्ये एक लाख दाखवू, स्टॅम्प ड्युटी वाचेल. पन्नास हजाराच्या 10 टक्क्यांचा पाव टक्का किती होतो? साडेबारा रुपये! साडेबारा रुपयांसाठी पन्नास हजार बेवारशी सोडायचे? आणि शेवटचं पान, सामानाची यादी, ती लोक बघतही नाहीत. आमच्या यादीत दोन एसी होते. घरात एक आहे. दुसरा उद्या आम्हीच विकून खाल्ला असता.

हे सगळं त्या पोराला सांगितल्यावर त्याचं तोंड पडलं, "मॅडम आता चेंज केलं तर परत एंट्री करावी लागेल". मी म्हटलं कर, पोहे खा आणि कर. त्याने केलं, सव्वा तास गेला, जादा पैसे मागितले नाहीत, ह्याबद्दल अर्धा मार्क परत दिलाय. बुधवारी मंजूर होऊन मेलवर आलं, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशन झाल्याचा सरकारी उतारा) सकट. गॅस कनेक्शनला आणि आधारचा पत्ता बदलायला तोच कागद चालला. नवऱ्याच्या एचआरला एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यावरची टॅक्स सूट) मालकाचा पॅन लागतो (वर्षाचं भाडं लाखाच्या वर असलं की लागतोच), तो ॲग्रीमेंटमध्येच घालून घेतला होता म्हणून मार्चमध्ये काकूंच्या मागे फिरावं लागणार नाही.

सासरे हे सगळं बघून हसत होते. ते लालबागला पागडीच्या खोलीत (एकदा मोठी रक्कम देऊन मग नाममात्र भाड्यावर वर्षानुवर्षं राहायचं) वाढले, त्यांच्या डोक्यात भाडेकरू म्हणजे खोलीचा राजा, मालकाची काय बिशाद काढायची. त्यांना समजावायला वेळ लागला की बाबा, पागडीवाला तो भाडेकरू, आम्ही लायसन्सी, आम्हाला फक्त वापरायची परवानगी. 1 फेब्रुवारी 1973 ला जे लायसन्सवर राहत होते त्यांना तेव्हाच्या कायद्याने संरक्षित भाडेकरू केलं, आणि मला वाटतं मालकांनी तेव्हा जो धसका घेतला तो अजून गेला नाही. आमच्यासारख्यांना ते संरक्षण नाही. मुदत संपली आणि घर सोडलं नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा केसेससाठी नेमलेला सरकारी अधिकारी) जाऊ शकतो आणि जितके दिवस जास्त राहू त्याचं दुप्पट भाडं लागू शकतं. "करू रिन्यू सावकाश" हा प्रकार भाडेकरूलाच महागात पडतो, एक महिना आधीच बोलणं सुरू करा. आणि हो, 2021 च्या केंद्राच्या घरभाड्याबद्दलच्या मॉडेल कायद्यात दोनच महिन्यांचं डिपॉझिट आहे असं ऐकून मालकाशी वाद घालायला जाऊ नका, तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. मुंबईत डिपॉझिट किती ते तुमच्या बोलण्याच्या कसबावर.

एकूण साडेतीन. सर्व्हिस चांगली, पोरगा चांगला, ड्राफ्ट भिकार. रिन्यूअलला ह्यालाच बोलावणार आहे, फक्त ड्राफ्ट आठ दिवस आधी वर्डमध्ये मागणार आणि काकूंना आदल्या दिवशी भांडी घासू देणार नाही.