डिथॅचर मिनी ट्रॅक्टरला जोडला, 9 महिन्यांचा अनुभव (आणि त्या नटाबद्दल)

परवा गवत कापायचा मोवर चालवताना खाडकन आवाज आला, ब्लेड वाकलं, खाली वाकून बघतो तर डिथॅचरचा, म्हणजे गवतातला वाळका थर ओरबाडून काढणाऱ्या यंत्राचा, दात. जुलैत गळालेला, तेव्हापासून गवतात लपून बसला होता. ब्लेडचे साडेअकराशे गेले, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकतो.

आमचं एरंडोलजवळ हायवेला लग्नाचं लॉन्स आहे, पाऊण एकर, सिलेक्शन वन गवत. सीझनभर लोक तुडवतात, वरून आपलं पाणी आणि युरिया चालूच, मग मुळांवर वाळक्या गवताची गादी बसते. खुरप्याने चौकोन कापून पट्टी लावली तर सव्वा इंच! अर्ध्या इंचाच्या वर गेली की पाणी त्या गादीतच राहतं, खाली मुरत नाही. आधी 6 बाया दाताळं घेऊन 4 दिवस लागायच्या, त्यांची मजुरी जोडली आणि मार्चमध्ये हे 40 इंची, 20 दातांचं ऑनलाइन मागवलं.

हे मुळात एका पिनवर मागे ओढायचं यंत्र. उचलायचा लिव्हर यंत्रावरच, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला सीटवरून उतरा. न उतरता रिव्हर्स घेतला आणि पहिल्याच दिवशी 3 दात वाकवले. मग आमच्या केळीतल्या 18 एचपीच्या मिनी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर घ्यायचं ठरलं. वेल्डिंगवाल्याने चौकोनी पाइपची फ्रेम करून 22 एमएमच्या पिना बसवल्या. पण टॉप लिंक (ट्रॅक्टर आणि यंत्राला वरून जोडणारा ताठ दांडा) लावली की गडबड, पुढची चाकं खड्ड्यात गेली की दातांची पुढची रांग जमिनीत घुसायची, मागची हवेत. शेवटी तोच म्हणाला, "भो, लिंक काढ, साखळी लाव." उचलताना साखळी ताणते, खाली ठेवलं की सैल, सगळं वजन यंत्राच्या स्वतःच्या चाकांवर. हायड्रॉलिकचा लिव्हर मात्र पूर्ण खाली सोडायचा. 20 रुपयांच्या साखळीने जे जमलं ते 1800 च्या फ्रेमने जमलं नव्हतं.

तरी मे महिन्यात मी याला शिव्याच देत होतो. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) लग्नं उरकली आणि लगेच फिरवलं, आमच्याकडचं 44-45 चं ऊन, मुळं उघडी पडली आणि अर्धं लॉन तांबडं. आठ दिवसांनी लग्न होतं, हिरवी मॅट अंथरली तरी पार्टीने भाड्यातून 5 हजार कापले. आण्णा तेव्हापासून यंत्राला "तुझं ते कंगवं" म्हणतात.

पण चूक यंत्राची नव्हती, हे लिहायला पाहिजे. हे गवत हरळीच्याच जातीचं, जोमात वाढत असताना ओरबाडलं तरच भरून येतं. जुलैमध्ये, दोन चांगले पाऊस झाल्यावर, लग्नंही बंद, तेव्हा परत फिरवलं. एकदा उभं, एकदा आडवं, 4 ट्रॉल्या कचरा निघाला. त्यात प्लॅस्टिकचे चमचे, साडीपिना, मांडवाचे खिळे आणि एक चांदीचं जोडवं. तीन आठवड्यात असं हिरवं झालं की आण्णा काही बोललेच नाहीत, म्हणजे आवडलं.

आता नट. साडेबावीस हजारांच्या यंत्राला दात धरायला साधे 8 एमएमचे नट! थरथरीने ढिले होणारच, हे बनवणाऱ्याला कळत नाही का? मी आता दर अर्ध्या तासाला थांबून दात मोजतो, पोरं मोजावी तसे. जुलैत 20 मोजून सुरू केलं, संपलं तेव्हा 19, दोन दिवस शोधला. कस्टमर केअरवाली बाई म्हणे सुटा दात मिळत नाही, पूर्ण सेट घ्या, 4 हजार. एका दातासाठी 4 हजार? दाताच्या डॉक्टरकडे स्वस्त पडेल. जळगावहून नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असते, थरथरीने ढिले होत नाहीत) आणले, 3 रुपयाला एक, सगळे मिळून 60 रुपये, तेव्हापासून एक ढिला नाही. कंपनीला हे 60 रुपये जड झाले.

परवा सापडलेला दात मोवरने मधोमध पिळलाय, त्यामुळे अजून 19 वरच चालू आहे. कोणाला सुटे दात कुठं मिळतात माहीत असेल तर सांगा, सेट मी घेणार नाही.