आठ महिने पेलेट तपासल्यानंतर: वजनकाटा कमी, लॉट नंबर जास्त

जानेवारीत आमच्या घरात तीन आठवडे फार वाईट गेले. मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलची नेमबाजी. साठ शॉटला (एका शॉटला जास्तीत जास्त 10.9 गुण) 611-612 च्या आसपास असणारा तिचा स्कोअर 605 वर आला आणि तिथेच अडकला. तिचे कोच, म्हणजे सर, म्हणाले, ट्रिगरवर घाई होतेय. मी म्हणाले, रात्री मोबाइल बघत बसतेस, झोप पुरत नाही. तिने मोबाइल मुकाट्याने माझ्या हातात दिला, तरी स्कोअर हलेना. रडून झालं, पोझिशन बदलून झाली, बटप्लेट (खांद्याला टेकतो तो भाग) खालीवर करून झाली. मग एक दिवस पेलेटची, म्हणजे एअर रायफलच्या छोट्या शिशाच्या गोळ्यांची, रिकामी डबी कचऱ्यात टाकताना तिच्या तळाचा लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा नंबर, मला दिसला. तीच कंपनी, तोच 4.50 हेड साइझ (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये), झाकणाचा रंगही तोच. नंबर मात्र आधीच्या डब्यांपेक्षा वेगळा. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "मैडम, माल तो वही है, नंबर तो बदलते रहते हैं."

नंबर बदलतो आणि त्याबरोबर ग्रुपही, म्हणजे एकाच नेमावर मारलेले शॉट किती जवळजवळ पडतात तेही बदलतं, हे त्यानंतरच्या आठ महिन्यांत मी स्वतः मोजून पाहिलंय. अकरा लॉट झाले. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण आमच्या बॅरलला (रायफलच्या नळीला) जो लॉट वाईट निघाला तो तुमच्या बॅरलला उत्तम निघू शकतो, आणि त्याच कंपनीचा पुढचा लॉट आम्हालाही चालू शकतो.

बारूदवाल्या रायफलींचे परदेशातले नेमबाज घरी स्वतः काडतुसं भरतात, बारूद तोलतात, गोळी किती आत बसवायची ते ठरवतात. एअर रायफलमध्ये यातलं काहीच आपल्या हातात नसतं. सिलिंडरमध्ये 200 बार दाबाची हवा, तिचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर आणि अर्ध्या ग्रॅमची शिशाची पेलेट. निवडायची ती फक्त पेलेट.

फरक किती बारीक असतो बघा. टार्गेटच्या मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. दोन रिंगांमधलं अंतर अडीच मिलिमीटर, म्हणजे दशांशातला प्रत्येक 0.1 हा पाव मिलिमीटरचा. 2013 पासून क्वालिफिकेशनही (फायनलआधीची पात्रता फेरी) दशांशात मोजतात, त्यामुळे 10.1 आणि 10.8 दोन्हीला सरसकट दहा मिळायचे दिवस गेले. साठ शॉटमध्ये सहा गुण गेले याचा अर्थ दर शॉटला सरासरी 0.1, म्हणजे पाव मिलिमीटर. त्या पाव मिलिमीटरसाठी मी तिच्या झोपेला दोष दिला होता.

तपासणी क्लबच्या रेंजवर रविवारी सकाळी करतो. इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या एका वर्कशॉपमधून जाड लोखंडी प्लेटवर क्लॅम्प बनवून घेतला. स्टॉक (रायफलचा दस्ता) काढून रायफलची ॲक्शन (पेलेट भरतो तो मधला यंत्राचा भाग) त्यात आवळायची आणि टेबलाला घट्ट बोल्ट करायची. क्लॅम्पच्या जबड्यांना आतून चामड्याच्या पट्ट्या लावल्यात. बॅरल क्लॅम्पला कुठेही टेकू देत नाही. आधीच्या लॉटचा परिणाम जावा म्हणून नव्या लॉटच्या पंधरा-वीस पेलेट नुसत्या मारून टाकायच्या, मग कागदी टार्गेटवर दहा-दहा शॉटचे पाच ग्रुप. भोकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत व्हर्नियरने मोजायचं आणि त्यातून 4.5 वजा करायचे. पाच शॉटच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका. आमचा एक लॉट पहिल्या पाचांत देखणा दिसला आणि सातव्या शॉटला बाहेर गेला.

जानेवारीतल्या त्या लॉटची सरासरी 3.1 मिलिमीटर आली. आज वापरतोय तो 1.1 ला बसतो. बाकीचे या दोघांच्या मधले. पहिल्यांदा ते दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलीला म्हणाले, "बेटा, ट्रिगर तुझा ठीकच होता."

आता वजनाबद्दल, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो आणि माझे सगळ्यात जास्त तास त्यातच गेले. सराफ्यात ओळखीचे एक सोनारकाका आहेत, त्यांच्या सल्ल्याने मिलिग्रॅम दाखवणारा काटा घेतला. पंखा बंद, खिडकी बंद, काट्यावर काचेचं झाकण. नाहीतर आकडा नुसता नाचत राहतो. मिसळणाचा एक नवा डबा आणला, त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात 'शिसं' लिहिलं आणि त्याच्या सात वाट्यांत पाचशे पेलेट एकेक तोलून टाकल्या. त्या डबीत 0.525 ते 0.537 ग्रॅमपर्यंतच्या पेलेट निघाल्या. मधल्या वाटीतल्या, सगळ्यात जास्त संख्येच्या पेलेट वेगळ्या मारल्या आणि त्याच डबीच्या न तोललेल्या वेगळ्या. ग्रुपमध्ये मोजता येईल असा फरक मला दिसला नाही.

नंतर कागदावर हिशोब मांडला तेव्हा कारण कळलं. पेलेटचा वेग सेकंदाला साधारण 170 मीटर. दहा मीटर जाईपर्यंत ती सोळा-सतरा मिलिमीटर खाली पडते. वजन एक टक्क्याने वाढलं तर वेग अर्धा टक्का कमी होतो आणि पडण्यात फरक येतो तो 0.2 मिलिमीटरहूनही कमी. म्हणजे 0.1 गुणही नाही. तोलायला बसण्याआधी दहा मिनिटं हा हिशोब केला असता तर कित्येक रात्री वाचल्या असत्या. आता मी फक्त स्कर्ट, म्हणजे पेलेटचा मागचा पोकळ घेर, बघते. ट्यूबलाइटखाली एकेक पेलेट फिरवायची, मागची कड चेपलेली किंवा अंडाकृती दिसली की बाजूला. पाचशेत पाच-सात निघतात. त्या खरोखर ग्रुपच्या बाहेर जातात, क्लॅम्पमध्येसुद्धा.

हेड साइझचं वेगळं आहे. 4.49, 4.50 आणि 4.51 तिन्ही आणून पाहिले. डब्यांवरची लेबलं झाकून, कुठली कुठली ते न सांगता मुलीच्या हाताशी ठेवल्या. तिसऱ्याच पेलेटला ती म्हणाली, "आई, ही सैल जातेय, अंगठा लावायच्या आधीच आत पडते." ती 4.49 होती. मिलिमीटरचा शंभरावा भाग तिच्या अंगठ्याला कळला, आणि कागदावरही 4.49 चे ग्रुप सगळ्यात सैल आले. आमच्या बॅरलला 4.50 मानवतं. पण 4.51 च्या एका चांगल्या लॉटने 4.50 च्या दोन लॉटना मागे टाकलं, त्यामुळे नुसता साइझ बघून डबी घेऊ नका.

पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या एका डबीतल्या पेलेटवर पांढरट भुकटी धरली. शिशाला दमट हवा लागली की ते होतं. ती डबी मी सरळ बाद केली. आता डब्या सिलिका जेलबरोबर हवाबंद बरणीत असतात. आणि हे जरूर करा: पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कशालाही हात लावू नका. हा सगळा कारखाना स्वयंपाकघरात मांडू नका. आमचा गच्चीवरच्या खोलीत आहे.

पैशांचं सांगायचं तर तपासलेल्या मॅच पेलेट आम्हाला साध्या सरावाच्या पेलेटच्या दुप्पट किमतीला पडतात. रोजच्या सरावाला अजूनही स्वस्तच वापरतो. आठवड्यातून दोनदा आणि स्पर्धेत चांगला लॉट. एकच सवय लावून घ्या: आधी एक-दोन डब्या मागवा, तपासा, चांगला निघाला तर त्याच नंबरच्या पंधरा-वीस डब्या एकदम उचला. विक्रेता लॉट नंबर सांगायला तयार नसेल तर दुसरा शोधा. आम्ही शोधला. तो डबीच्या तळाचा फोटो पाठवतो.

स्कोअर फेब्रुवारीअखेर 611 वर परत आला. भोपाळला राज्य स्पर्धेत 613.4 झाले. त्यापुढे अजून गेलेला नाही, आणि ते पेलेटच्या हातात नाही हे तिला माहीत आहे. पण वाईट दिवशी ती आता आधी स्वतःला बोल लावत नाही. डबी उलटी करून नंबर बघते, तो बरोबर असला की पुन्हा पोझिशनला उभी राहते.

चांगल्या लॉटच्या नऊ डब्या उरल्यात. दिवाळीपर्यंत पुरतील. नव्या दोन लॉटच्या एकेक डब्या परवाच आल्या, त्यांना येत्या रविवारी क्लॅम्पवर लावायचंय.