सर्व्हर क्लाउडवर नेऊन देणाऱ्यांचा रिव्ह्यू : शिफ्टिंग झकास, सिक्युरिटी मात्र मागून मागून घ्यावी लागते

बाणेरच्या एका कंपनीकडून आमच्या ऑफिसचा सर्व्हर क्लाउडवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या मशीनवर, नेऊन घेतला. नाव टाकत नाही, कारण पोरं कामाला चांगली आहेत आणि खाली जे लिहिलंय ते बऱ्याच व्हेंडरांना लागू पडेल असं वाटतं. पाचात तीन स्टार, तेही सगळे शिफ्टिंगचे.

आमचं भोसरी एमआयडीसीत मशीनिंगचं युनिट आहे. टॅली, पगार, गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज, सगळं एका जुनाट सर्व्हरवर होतं, तो अकाउंट्सच्या टेबलाखाली, गुरुवारी लाईट गेली की यूपीएस कोकलायचा. यांनी शनिवारी संध्याकाळी काम धरलं ते सोमवारी पहिल्या शिफ्टच्या आधी टॅली चालू, ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत जुळवून दाखवला. मानलं.

सिक्युरिटीचं पहिल्या मीटिंगलाच विचारलं होतं. आमच्या साहेबांच्या डोक्यात २०१८ चं कॉसमॉस बँकेचं प्रकरण बसलंय, हॅकरांनी ९४ कोटी पळवले होते, ते क्लाउडचं नव्हतंच, पण हे साहेबांना कोण सांगणार. उत्तर आलं, "सर, अ‍ॅमेझॉनवर आहे, सेफच असतं." इथेच माझी तक्रार सुरू होते. अ‍ॅमेझॉन डेटा सेंटर, हार्डवेअर, खालचं नेटवर्क सांभाळतं आणि नीट सांभाळतं. पण आपण घेतलेल्या मशीनवरचं विंडोज अपडेट करायचं कोणी, लॉगिन कोणाला द्यायचं, पोर्ट (बाहेरून मशीनमध्ये शिरायची दारं) कुठले उघडे ठेवायचे, हे सगळं गिऱ्हाइकाच्या गळ्यात, त्यांच्याच साईटवर शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटी (वाटून घेतलेली जबाबदारी) म्हणून लिहिलेलं आहे. अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेचं २०१९ ला असंच झालं, १० कोटींच्या आसपास लोकांचा डेटा गेला, होता अ‍ॅमेझॉनवरच, पण फायरवॉल (नको ती ये-जा अडवणारी चाळणी) बँकेनेच चुकीचा सेट केलेला आणि त्याला परमिशन नको तेवढ्या. ८ कोटी डॉलरचा दंड बँकेला झाला, अ‍ॅमेझॉनला नाही.

आता आमच्याकडे काय निघालं ते. हँडओव्हरनंतर मीच कन्सोल, म्हणजे अ‍ॅमेझॉन अकाउंटचं कंट्रोल पॅनल, उघडून बसलो. रिमोट डेस्कटॉपचा (लांबून मशीन चालवायचा) पोर्ट ३३८९ सगळ्या जगाला उघडा. विचारलं तर म्हणे, "सर, तुमचे अकाउंटंट घरून काम करतात ना." अरे पण मग व्हीपीएन, आपल्याच लोकांपुरता बंदिस्त रस्ता, कशाला असतो! विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये (नोंदवहीत) फेल्ड लॉगिनची रांग लागलेली, administrator, admin, test असली नावं टाकून कुठून कुठून बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) ठोकत होते. पोर्ट उघडा दिसला की हे आपोआप सुरू होतं, आपण लहान आहोत म्हणून कोणी सोडत नाही, आणि रॅन्समवेअरवाल्यांचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांचा, हा जुना लाडका रस्ता आहे. सांगितल्यावर त्याच दिवशी बंद करून व्हीपीएन लावून दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. अख्खं अकाउंट त्यांच्याच एका माणसाच्या ईमेलवर उघडलेलं, म्हणजे रूट लॉगिन (अकाउंटच्या मालकाचं, सगळे अधिकार असलेलं) त्यांचं, बिल आमचं. एमएफए (पासवर्डच्या वर दुसरी खात्री) नाही, नुसता पासवर्ड. उद्या तो पोरगा हिंजवडीत दुसरीकडे जॉईन झाला तर आमची टॅली कोणाच्या हातात? आणि बॅकअप कुठे, तर त्याच अकाउंटमध्ये. कोड स्पेसेस नावाची एक कंपनी होती, २०१४ मध्ये कोणीतरी तिच्या अ‍ॅमेझॉन कन्सोलमध्ये घुसला, पैसे मागितले आणि कंपनीने त्याला बाहेर काढायचा प्रयत्न केल्यावर डेटा आणि बॅकअप दोन्ही उडवले, कंपनी बंद पडली. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग रूट आमच्या कंपनीच्या ईमेलवर आला, एमएफए लागला, बॅकअपची एक कॉपी वेगळ्या अकाउंटमध्ये गेली. ती आधी सिंगापूरला टाकणार होते, मुंबई नाही तर हैदराबाद असताना! प्रायव्हेट लिमिटेडच्या हिशेबाच्या वह्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवरच लागतो, २०२२ पासूनचा नियम आहे, हे आमच्या सीएला माहीत आणि क्लाउडवाल्यांना नाही.

ड्रॉइंग्जच्या फोल्डरचीही तीच तऱ्हा. नवी एस-थ्री बकेट (अ‍ॅमेझॉनवरचं फाईली ठेवायचं कपाट) २०२३ च्या एप्रिलपासून मुळातच पब्लिकला बंद असते, म्हणजे यांनी मुद्दाम चारही टिकमार्क काढून ती उघडी केलेली, का तर गिऱ्हाइकाला लिंक पाठवायला सोपं. ती ड्रॉइंग्ज आमची नाहीत हो, एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सही केलीय! ठराविक वेळाने एक्स्पायर होणारी लिंक देता येते, ती आता देतात, गिऱ्हाइकाचं काही अडलं नाही.

लॉगचंही बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत रिपोर्ट करायची आणि १८० दिवसांचे लॉग ठेवायचे. कन्सोलमध्ये क्लाउडट्रेलची (अकाउंटमध्ये कोणी काय केलं त्या नोंदींची) हिस्टरी ९० दिवसांचीच दिसते, पुढचं हवं तर वेगळं साठवायला लागतं. यांच्या प्रपोजलमध्ये यातलं अक्षर नव्हतं.

सपोर्ट छान आहे, फोन उचलतात, मराठीत बोलतात, रविवारी पण. सांगितलेलं प्रत्येक काम केलं, कुरकुर न करता, पण सांगितलं तेव्हाच. ज्याच्याकडे कन्सोल उघडून बघणारं कोणी नाही त्याने काय करायचं?

शिफ्टिंगसाठी घ्या, बिनधास्त. फक्त पहिलं कोटेशन व्हीपीएन, लॉग आणि दुसऱ्या अकाउंटमधला बॅकअप सोडून येतं, ते धरून नवीन आकडा मागा आणि रूट ईमेल कोणाचा हे वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या. आमचं महिन्याचं बिल या तीन गोष्टींनी वाढलं, साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण पास केलं.